एकशे बारा

फाटकाशी एक टेबल, त्यावर दगडाखाली दाबलेली यादी.
हेबलथ्वेटबाई एकेकाची पिशवी उघडून बघतात:
शिट्टी, नकाशा, होकायंत्र, पावसाचं जाकीट.
"वापरता येतं ना हे?"
एकवीस वर्षं मी मान डोलावतोय,
एकवीस वर्षं त्या खूण करतायत नावापुढे.

मग कुणीतरी "चला" म्हणतं. बंदूक नाही, झेंडा नाही.
सत्तर माणसं मेंढ्यांच्या फाटकातून एकदम घुसतात
आणि स्कार्थचा चढ
सगळ्यांना एकेकटं करून टाकतो.

चढ पळायचा नसतो.
मांड्यांवर हात रोवून स्वतःलाच ढकलत न्यायचं असतं,
बंद पडलेली बस आगारात नेतात तसं.
(मी बसच दुरुस्त करतो, म्हणून सुचतं.)

वर सपाटी. सपाटी कसली,
काळा, भिजका, कुजत पडलेल्या काळाचा लगदा.
कापूसगवत पांढरं डोलतं तिथे पाय ठेवू नये,
हे मला पक्कं ठाऊक.
ठेवला.
पाय आला, बूट राहिला.
अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसा
कोपरापर्यंत हात घालून ओढून काढला,
आणि मान वर केली तर
डोंगर नव्हता.
धुकं आलं, असं म्हणतात. येत काही नाही,
असतं ते सगळं जातं.

मागे पावलं. पचक, पचक.
मी थांबलो की थांबणारी.
सतराची असेल पोर, ओठ निळे, पहिलीच शर्यत.
"तुम्हाला वाट माहितीये ना?"
"डोळे मिटून जाईन," मी म्हणालो,
आणि एका मेंढवाटेला लागलो.
मेंढीला कुठे शर्यत संपवायची असते!

पण उतार! उतारावर मी अठ्ठावन्नचा नसतो.
जन्मभर लोकांचे ब्रेक तपासले,
इथे स्वतःचे सोडून दिले.
पाय विचारत नाहीत, दगड सांगत नाहीत,
टाच, गवत, टाच, ओघळ, टाच, हवा,
एक टिटवी ओरडत उडाली आणि मीही ओरडलो,
मागून ती पोरही ओरडली,
आणि धुक्याच्या तळातून
आम्ही दोघं उजेडात पडलो.

तलाव डाव्या हाताला हवा होता.
उजव्या हाताला होता.

दोरीवर चादरी घालणारी एक बाई म्हणाली,
"स्कार्थवाले ना? दरवर्षी येतात दोघं-तिघं.
मागच्या खेपेला एक दंतवैद्य होता."
चुकला फकीर निदान मशिदीत तरी सापडतो.
तिच्या फोनवरून कळवलं, जिवंत आहोत, शोधायला निघू नका.
गाडीतून सोडते म्हणाली. नको म्हणालो.
का नको म्हणालो, ते सहा मैल विचार करून कळलं नाही.

पहिले दोन मैल टॅम्सिन बोललीच नाही.
मग तिने माझं होकायंत्र मागितलं,
नकाशावर ठेवलं, तबकडी फिरवली,
आणि मला सांगितलं, इथे, या खांबापाशी,
तुम्ही नव्वद अंश चुकलात.

"येत होतं तर वरच का नाही बोललीस?"
"तुम्ही इतक्या खात्रीने पळत होतात."

फाटकाशी पोचलो तेव्हा तंबू गुंडाळलेला,
चहाचं भांडं उपडं,
फक्त ते टेबल आणि त्यामागे हेबलथ्वेटबाई,
जाकिटावर जाकीट, मांडीवर यादी.
दोन आकडे राहिले होते.
त्यांनी खुणा केल्या. वेळेच्या रकान्यात आडवी रेघ ओढली.
काही विचारलं नाही.
केकचे दोन तुकडे रुमालात गुंडाळून ठेवले होते, तेवढे दिले.

सोमवारी आगारात
नखांत अजून ती काळी माती.
ग्रीस समजून
कुणी काही विचारलं नाही.